नाडी तीस असते तेव्हा
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं ईसीजीचं मशीन नव्हतं. पण पेशंटचं मनगट हातात घेतल्याशिवाय ते चिठ्ठी लिहायला घेत नसत, असं इथली जुनी मंडळी सांगतात. म्हणून मी नाडीपासून सुरू होणारा विषय निवडला. हार्ट ब्लॉक ऐन घाईच्या वेळी ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर पेशंटला मोठ्या रुग्णालयापर्यंत जिवंत पोचवायचं कसं, याबद्दल बोलणार आहे. समोर डॉक्टर आहेत, सिस्टर्स आहेत, १०८ वर काम करणारी तरुण मंडळी आहेत, आणि घरात म्हातारे आईवडील असलेले पुष्कळ जण आहेत. हे काम या सगळ्यांचंच आहे.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करतो. अँजिओग्राफीत ‘तीन ब्लॉक निघाले’ असं आपण म्हणतो, ते रक्तवाहिन्यांमधले अडथळे. मी बोलतोय तो ब्लॉक हृदयातल्या विजेच्या वाटेवरचा. रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ असलेल्या माणसालाही तो होतो, आणि तसा झाला तर फुगा किंवा स्टेंट त्याच्या कामाचा नाही.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे. विश्रांतीत तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा संदेश सोडतो. वरचे दोन्ही कप्पे त्याने आकुंचन पावतात. मग हा संदेश एव्ही नोडपाशी येतो आणि तिथे क्षणभर रेंगाळतो. या रेंगाळण्यामुळेच खालच्या कप्प्यांना रक्ताने भरायला वेळ मिळतो. तिथून तो हिसच्या जुडग्यात उतरतो, दोन शाखांमध्ये विभागतो आणि खालचे कप्पे धडधडतात. हिस यांनी हा जुडगा १८९३ मध्ये दाखवला. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये काम करून १९०६ मध्ये एव्ही नोडसह ही सगळी वाट उलगडली. ईसीजीच्या कागदावर वरच्या कप्प्यांची लाट म्हणजे पी, खालच्यांची क्यूआरएस. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचं अंतर एका मोठ्या चौकटीच्या, म्हणजे ०.२० सेकंदाच्या आत असायला हवं.

पहिल्या दर्जाच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक संदेश खाली पोचतो, फक्त उशिरा. एरवी त्याला उपचार लागत नाही. मात्र तापाने आलेल्या शाळकरी मुलात तो ऱ्हुमॅटिक फीव्हरची खूण असू शकतो. आणि महाधमनीच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेल्या पेशंटचं हे अंतर रोजच्या ईसीजीत वाढत चाललं असेल, तर झडपेच्या मुळाशी गळू होतंय असं धरून त्याच दिवशी सर्जनला फोन करायचा.

दुसऱ्या दर्जात काही संदेश पोचतात, काही गळतात. याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. पहिल्यात अंतर ठोक्यागणिक वाढत जातं, एक ठोका गळतो आणि पुन्हा नव्याने सुरुवात होते. वेंकेबाख या डच डॉक्टरांनी हे १८९९ मध्ये सांगितलं, आणि तेव्हा ईसीजी नव्हता! नाडीच्या आलेखावरून, केवळ ठोक्यांमधली अंतरं मोजून त्यांनी हा नियम शोधला. हा प्रकार बहुतेक वेळा एव्ही नोडमधला असतो. तरुण खेळाडूंमध्ये झोपेत दिसला तर त्याचं काही करायचं नसतं. दुसरा प्रकार मोबिट्झ यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९२४ मध्ये हे वर्गीकरण मांडलं. यात अंतर एकसारखं असतं आणि मध्येच, कसलीही सूचना न देता, ठोका गळतो. दोष नोडच्या खाली, जुडग्यात किंवा शाखांमध्ये असतो आणि क्यूआरएस बहुधा रुंद असतो. तक्रार नसली तरी या पेशंटला घरी पाठवायचं नाही. तो पुढच्या तासाभरात पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो.

तिसरा दर्जा म्हणजे पूर्ण ब्लॉक. वरचा एकही संदेश खाली जात नाही. वरचे कप्पे आपल्या गतीने चालतात. खालचे स्वतःचं काहीतरी सुरू करतात, कारण निसर्गाने तशी सोय ठेवली आहे. गणपतीच्या मिरवणुकीत दोन ढोलपथकं एकाच रस्त्यावर आली आणि दोघांनी आपापला ठेका धरला, की जसं होतं तसं ते चालतं. एव्ही नोडच्या जवळून पर्यायी ठोका निघाला तर गती ४० ते ६० राहते आणि माणूस तग धरतो. तो अगदी खालून, स्नायूतून निघाला तर गती २० ते ४०, क्यूआरएस रुंद, आणि भरवसा शून्य. तो कधीही थांबतो. थांबला की आठ-दहा सेकंदांत मेंदूचा पुरवठा तुटतो आणि माणूस कोसळतो.

हे कोसळणं वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये महसूल खात्यातल्या ६८ वर्षांच्या एका अधिकाऱ्याची हकिगत लिहिली. त्याला वारंवार झटके येत, आणि नाडी तीसच्या आसपास असे. सगळे मेंदूचा आजार समजत होते. ॲडम्सनी म्हटलं, मूळ हृदयात आहे. पुढे १८४६ मध्ये विल्यम स्टोक्स यांनीही असे रुग्ण नोंदवले, आणि या झटक्यांना दोघांचं नाव मिळालं. एवढी जुनी ओळख असूनही आपल्याकडे आजही असा पेशंट मिरगीच्या गोळ्या खात वर्षानुवर्षं काढतो. फरक हाताशी असतो. हृदयामुळे येणाऱ्या या झटक्यात माणूस एकदम पांढराफटक पडतो, काही सेकंद हातपाय झटकतो, आणि ठोके परत आले की चेहरा लालसर होऊन लगेच भानावर येतो, ‘काय झालं?’ म्हणून विचारतो. मिरगीनंतर बहुधा बराच वेळ गुंगी राहते. आणि झटका चालू असताना नाडीवर बोट ठेवलं तर शंकाच उरत नाही. पण त्या वेळी घरातली माणसं कांदा शोधायला धावतात, चप्पल हुंगवतात. नाडीवर बोट कुणी ठेवत नाही.

हे निदान चुकतं कुठे, ते मला सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या मते उपचारातल्या चुकांपेक्षा जास्त जीव तिथे जातात.

गेल्या पावसाळ्यात रात्री एक आजी आमच्या कॅज्युअल्टीत आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, शेतात राबलेला देह. मुलगा सांगत होता, ‘साहेब, महिनाभर अशक्तपणा आहे, दोनदा सलाईन लावलं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली.’ आधी एका ठिकाणी बीपी वरचं १८० भरलं म्हणून ॲटेनोलॉल सुरू केलं होतं. आता वरचं १८० आणि खालचं ६० होतं. ठोक्यांमध्ये इतका वेळ मिळतो की हृदय गच्च भरतं, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं, आणि वरचा आकडा चढतो. मंद नाडीमुळे वाढलेला हा आकडा पाहून नाडी आणखी मंद करणारी गोळी दिली गेली. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर दोन आकडे दिसत होते, ९७ आणि ३२. नातेवाईक ९७ कडे बघून निश्चिंत होते. कोविडपासून हे यंत्र घराघरांत आहे, आणि त्याच्यावरचा दुसरा आकडा कुणी वाचत नाही.

सिस्टरनी मनगट धरून पूर्ण मिनिटभर मोजलं. बत्तीस. मानेच्या शिरेत अधूनमधून एक मोठी उसळी दिसत होती. वरचा कप्पा बंद झडपेवर आकुंचन पावला की रक्त उलटं मानेकडे उसळतं, तीच ती. ईसीजीच्या पट्टीवर पी लाटा नेमक्या अंतरावर चालल्या होत्या, आणि रुंद क्यूआरएस स्वतःच्या संथ चालीने, एकमेकांशी काही संबंध नाही. तंत्रज्ञ कागद फाडत असताना आजी बोलता बोलता थांबल्या. नजर स्थिर झाली, ओठ पांढरे पडले, हात आखडले. मॉनिटरवर पी लाटा तशाच चालू होत्या आणि खाली काहीच नव्हतं. मग ठोका परत आला, चेहऱ्यावर रंग चढला आणि त्या मुलाला म्हणाल्या, ‘का रे, रडतोस कशाला?’

पेसिंगचे, म्हणजे छातीवरून विजेने हृदयाचे ठोके चालवण्याचे, पॅड तयार होते. एक छातीच्या पुढे डावीकडे, एक पाठीवर. गती सत्तरला लावली आणि विद्युतप्रवाह हळूहळू वाढवत नेला. पडद्यावर यंत्राची उभी रेघ दिसते, पण रेघ दिसली म्हणजे हृदय चाललं असं नाही. प्रत्येक रेघेमागे रुंद क्यूआरएस आणि त्यामागे ठसठशीत टी लाट यायला हवी, आणि ती आली की जांघेतल्या धमनीवर हात ठेवून ठोका लागतो का, हे पाहायला हवं. मानेत पाहू नका. छातीचे स्नायू यंत्राने उडतात आणि त्या उडीलाच आपण नाडी समजून बसतो. आजींच्या जांघेत ठोका लागला. प्रवाह जरासा वाढवून ठेवला. मग वेदनाशामक आणि थोडं गुंगीचं औषध दिलं, कारण हे पेसिंग दुखतं. शुद्धीवरच्या माणसाला ते तसंच सोसायला लावणं चूक आहे. तासाभरात मानेच्या शिरेतून तात्पुरती तार टाकली आणि छातीवरचे झटके थांबवले. ॲटेनोलॉल बंद करून वाट पाहिली, ब्लॉक गेला नाही, म्हणून कायमचा पेसमेकर बसवला. आजी गावी परतल्या.

छातीवरून हृदय चालवता येतं हे बोस्टनमध्ये पॉल झोल यांनी १९५२ मध्ये सिद्ध केलं. त्यांनी एका पेशंटचं हृदय दोन दिवसांहून अधिक काळ बाहेरून चालवलं आणि तो वाचला. म्हणजे हे ज्ञान सत्तर वर्षांपूर्वीचं आहे. जे यंत्र आपण शॉक देण्यासाठी विकत घेतो, त्यातल्या अनेक मॉडेलांमध्ये ही सोय असते.

आता औषधांचं. रक्तदाब कोसळलाय, शुद्ध हरपतेय, छातीत दुखतंय, फुप्फुसात पाणी भरतंय, यापैकी काही असेल तर थांबायचं नाही. ॲट्रोपिन १ मिलिग्रॅम शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. ते एव्ही नोडवर काम करतं, म्हणून नोडमधल्या ब्लॉकमध्ये उपयोगी पडतं. रुंद क्यूआरएस असलेल्या, नोडच्या खालच्या ब्लॉकमध्ये बहुधा पडत नाही. उलट वरचे कप्पे वेगाने संदेश सोडू लागतात आणि खाली पोचणारे आणखी कमी होतात. तेव्हा एक डोस देऊन बघा हवं तर, पण पॅड लावण्याचं काम त्याच वेळी चालू राहिलं पाहिजे. ॲट्रोपिनची वाट पाहत पेसिंग लांबवणं ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. पेसिंग जमेपर्यंत किंवा ते उपलब्ध नसेल तर ॲड्रिनलिन मिनिटाला २ ते १० मायक्रोग्रॅम या गतीने ड्रिपमधून, किंवा डोपामिन. पूर्ण थांबलेल्या हृदयात पी लाटा दिसत असतील, तर पॅड लावेपर्यंत उरोस्थीच्या खालच्या डाव्या कडेला मुठीने तालात हलके आघात करून ठोका आणता येतो. नाडी लागत नसेल तर सरळ सीपीआर.

हार्ट ॲटॅकमधला ब्लॉक वेगळा पाहावा लागतो. हृदयाच्या खालच्या भागाचा ॲटॅक असेल तर ब्लॉक बहुधा नोडमध्ये असतो, कारण बहुतेकांच्या एव्ही नोडला उजव्या धमनीतून रक्त येतं. क्यूआरएस अरुंद, ॲट्रोपिनला दाद देणारा, आणि सहसा काही दिवसांत आपोआप जाणारा. तिथे खरा उपचार म्हणजे ती धमनी उघडणं; अँजिओप्लास्टी वेळेत शक्य नसेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. कायमच्या पेसमेकरची घाई करू नये. समोरच्या भागाच्या ॲटॅकमध्ये ब्लॉक झाला तर मात्र स्नायूचा मोठा भाग गेलाय असं समजा. ते चित्र फार गंभीर.

आणि ब्लॉक दिसला की पेशंटच्या औषधांची पिशवी उलटी करा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल, डिगॉक्सिन. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा. ते रक्तात उतरतात आणि नाडी मंद करतात, आणि घरचे लोक त्यांना औषध मानतच नाहीत. मूत्रपिंड कमजोर असलेल्या पेशंटमध्ये पोटॅशियम वाढलेलं असेल तर उंच टोकदार टी लाटा, रुंद क्यूआरएस आणि हरवलेली पी असं चित्र दिसतं. तिथे आधी कॅल्शियम ग्लुकोनेट द्या, रिपोर्टची वाट पाहू नका. काही मिनिटांत ईसीजी बदलताना दिसतो, आणि पेसमेकरची गरजच राहत नाही.

ग्रामीण भागातल्या सहकाऱ्यांसाठी बिट्टीचा वेगळा उल्लेख करतो. देवळाच्या आवारात, कुंपणाला असते ती पिवळी कण्हेर. तिच्या बियांमध्ये डिगॉक्सिनच्या जातीचं विष आहे. मुलं खेळताना तोंडात घालतात, आणि कुणी निराशेत खातं. उलट्या होतात, म्हणून गॅस्ट्रो समजून सलाईन लावलं जातं आणि ईसीजी निघत नाही. ब्लॉक नंतरही उद्भवू शकतो, म्हणून अशा पेशंटला मॉनिटरवरून लवकर काढायचं नाही. श्रीलंकेत, जिथे हे विष फार दिसतं, तिथे झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांनी ब्लॉक उलटतो हे दिसलं. ते औषध महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून तात्पुरतं पेसिंग हाच आपला मुख्य आधार. लसीकरण चुकलेल्या मुलाला घटसर्प झाला तर त्यातही हृदयाला इजा होऊन पूर्ण ब्लॉक होऊ शकतो. तरुण माणसात कारणाशिवाय ब्लॉक दिसला तर सारकॉइड आणि क्षय यांचा शोध घ्यायचा. नवजात बाळाची नाडी जन्मतःच मंद असेल तर आईच्या रक्तात ल्युपसच्या जातीची प्रतिपिंडं तपासायची. आईला स्वतःला काहीच त्रास नसतो, असंही होतं.

पेसमेकरबद्दल घरच्यांच्या मनात भीती असते, म्हणून एक हकिगत सांगतो. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ४३ वर्षांच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. त्यांना दिवसाला वीस-तीस झटके येत होते. त्यांची पत्नी एल्से-मारी सर्जन ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली होती. एल्मक्विस्ट यांनी ते यंत्र बुटाच्या पॉलिशच्या डबीच्या साच्यात ओतून घडवलं. पहिलं काही तासांतच बंद पडलं. तरी त्यांनी हार मानली नाही. लार्सन यांना पुढे एकूण २६ पेसमेकर बसले. ते २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, कर्करोगाने गेले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधीच गेले होते. आज यंत्राची बॅटरी अनेक वर्षं चालते, भूल फक्त जागेपुरती द्यावी लागते, आणि हिसच्या जुडग्यालाच तार जोडून नैसर्गिक वाटेने ठोका नेण्याची पद्धतही आहे, डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी ती २००० मध्ये प्रसिद्ध केली.

खर्चामुळे पेसमेकर टाळणारी कुटुंबं मी पाहतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत याची सोय आहे, आपल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. अग्निसंस्काराआधी पेसमेकर काढावाच लागतो, नाहीतर उष्णतेने तो फुटू शकतो. अमेरिकेत अंत्यसंस्कारगृहांत असे काढलेले, बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब पेशंटांना बसवले गेले, आणि त्यांच्यात संसर्ग किंवा यंत्रबिघाडाचा मोठा प्रश्न आला नाही, असा अभ्यास २०११-१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मृताच्या छातीतून काढलेलं यंत्र कुणाचं तरी घर सावरू शकतं. याबद्दल आपल्याकडे नियम, नोंदणी आणि देखरेखीसह गंभीरपणे विचार व्हावा, असं मला वाटतं.

पेशंटला पुढे पाठवताना, तालुक्याहून जिल्ह्याला, गाडीत पॅड लावलेले असावेत, शीर उघडी असावी, ॲड्रिनलिनची ड्रिप तयार असावी, सोबत ईसीजीची मूळ पट्टी असावी, आणि पुढच्या रुग्णालयाला आधी फोन गेलेला असावा. ‘चक्कर, पुढील उपचारासाठी’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन खाजगी जीपमध्ये बसवलेले पेशंट वाटेत जातात, आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

घरातल्या मंडळींना एवढंच सांगतो. चक्कर आलेल्या वडीलधाऱ्यांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पन्नासच्या खाली असेल आणि सोबत घेरी, धाप किंवा शुद्ध हरपणं असेल, तर सलाईन मागू नका, ईसीजी मागा, आणि १०८ ला फोन करून नाडीचा आकडा सांगा.

आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, उद्या सकाळी आपल्या रुग्णालयातलं शॉकचं यंत्र उघडा. त्यावर पेसरचं बटण आहे का ते पाहा. असेल तर पॅडचं पाकीट कुठे आहे आणि त्याची मुदत कधी संपते ते तपासा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ते स्वतः लावून दाखवा.